एका वचनाचा पराभव : निव्हेलचे आक्रमण, एप्रिल १९१७

१

पहिल्या महायुद्धातील पश्चिम आघाडीचा इतिहास अभ्यासू लागले म्हणजे एक कोडे वाटेत आडवे येते. सप्टेंबर १९१५ मध्ये फ्रेंच सैन्याने शांपान्य प्रांतात मोठी चढाई केली. सहा आठवड्यांत सुमारे १,४५,००० माणसे मृत, जखमी वा बेपत्ता झाली. सुमारे २५,००० जर्मन कैदी हाती आले. आणि आघाडीची रेषा फार तर तीन-चार किलोमीटर पुढे सरकली. सैन्य थकले, हळहळले, परंतु आज्ञेबाहेर गेले नाही. एप्रिल १९१७ मध्ये त्याच सैन्याने एन नदीच्या काठी दुसरी मोठी चढाई केली. पहिल्या दहा दिवसांतील तिची हानी सुमारे १,३४,००० धरली जाते आणि त्यांपैकी सुमारे ३०,००० मृत. कैदी वीस हजारांच्या आसपास मिळाले, आणि पश्चिमेच्या बाजूस आघाडी सहा-सात किलोमीटर पुढे गेली. नुसता हानिलाभाचा ताळेबंद मांडला तर ही दुसरी चढाई पहिलीहून फारशी वाईट ठरत नाही. तथापि हिच्यानंतर दोन महिन्यांच्या आत फ्रेंच सैन्याच्या निम्म्याहून अधिक डिव्हिजनांत कमीअधिक प्रमाणात सामुदायिक आज्ञाभंग घडून आला. सैनिकांनी खंदक सोडले नाहीत. परंतु पुन्हा चढाई करण्यास ते तयार होईनात.

असे का घडले? 'सैन्य थकले होते' हे उत्तर खरे असले तरी अपुरे आहे. थकवा १९१५ मध्येही होता, आणि १९१६ मध्ये व्हर्दून येथे तो पराकोटीस पोहोचला होता. 'शांततावाद्यांच्या प्रचाराने सैन्य बिघडले' हे उत्तर त्या काळी सेनाधिकाऱ्यांनी दिले. त्याचा विचार पुढे यावयाचाच आहे. प्रस्तुत लेखात एका निराळ्या अंगाने ह्या प्रश्नाकडे पाहण्याचा विचार आहे. निव्हेलच्या आक्रमणाला त्याआधीच्या सर्व आक्रमणांपासून वेगळे करणारी गोष्ट तोफांच्या संख्येत वा डावपेचांत जितकी आहे, त्याहून अधिक ती त्या आक्रमणासाठी वापरलेल्या शब्दांत आहे. ते आक्रमण एक वचन म्हणून मांडले गेले. त्या वचनाला मुदत होती आणि ते खरे झाले की खोटे, हे साध्या शिपायालाही घड्याळ पाहून सांगता येत होते.

२

हे वचन कशाचे होते ते समजण्यासाठी खंदकयुद्धाची अडचण थोडक्यात ध्यानी घ्यावयास हवी. १९१४ च्या अखेरीस स्वित्झर्लंडच्या सीमेपासून उत्तर समुद्रापर्यंत सुमारे ७०० किलोमीटरांची खंदकांची अखंड रांग तयार झाली. ही रांग अभेद्य होती असा सामान्य समज आहे, परंतु तो बरोबर नाही. पुरेशा तोफा एकत्र केल्या तर शत्रूची पहिली फळी बहुधा काबीज करता येत असे. खरी अडचण तेथून पुढे सुरू होई. काबीज केलेली जमीन आपल्याच तोफगोळ्यांनी खड्डेमय झालेली असे. तीवरून तोफा, दारूगोळा व पाणी पुढे नेण्यास दिवस लागत. टेलिफोनच्या तारा तुटल्यामुळे पुढची पलटण कोठे आहे हे सेनापतीला तासन्‌तास कळत नसे. उलट बचाव करणाऱ्याच्या पाठीशी शाबूत रेल्वेमार्ग असत, आणि त्यांवरून त्याची राखीव दले हल्ला करणाऱ्याच्या पायदळापेक्षा अधिक वेगाने भगदाडापाशी येऊन पोहोचत. भगदाड पाडणे आणि भगदाडातून पार होणे ह्या दोन वेगळ्या गोष्टी होत्या.

फ्रेंच सेनाधिकाऱ्यांच्या बोलण्यालिहिण्यात ह्या भेदासाठी दोन शब्दकुळे रूढ झाली. एक 'ग्रिन्योताज' हा शब्द. उंदराने कुरतडावे तसे शत्रूला थोडेथोडे झिजविणे असा त्याचा अर्थ असून सरसेनापती झॉफ्र ह्याच्या नावाशी तो कायमचा जोडला गेला आहे. दुसरे कुळ 'पेर्से' व 'रुप्त्यूर' ह्या शब्दांचे. पहिल्यात आरपार छिद्र पाडण्याची कल्पना आहे, तर दुसऱ्यात ताणलेली वस्तू एका झटक्यात तुटण्याची. पहिल्या शब्दकुळातील क्रियेला शेवट नाही. कुरतडणे उद्या संपेल की वर्षाने, हे शब्दात सांगितलेले नसते. म्हणून ते फसले असेही कोणाला निश्चयाने म्हणता येत नाही. तुटणे ही मात्र क्षणाची क्रिया आहे. दोर तुटला किंवा तुटला नाही; मधली स्थिती नाही. १९१५ व १९१६ ह्या वर्षांतील चढाया आरंभी दुसऱ्या भाषेत मांडल्या जात आणि फसल्यावर पहिल्या भाषेत समजावल्या जात. भूमी मिळाली नाही तरी शत्रू झिजला, असे म्हणण्याची सोय त्यामुळे राहत असे. ही पळवाट नैतिकदृष्ट्या कशीही असो, अधिकाऱ्यांची आणि सैनिकांची अब्रू तिने काही काळ सांभाळली.

डिसेंबर १९१६ मध्ये झॉफ्रच्या जागी आलेल्या जनरल रोबेर निव्हेलने ही पळवाट स्वतःच्या हाताने बंद केली.

३

निव्हेल मूळचा तोफखान्यातील अधिकारी. १९१६ च्या मे महिन्यात त्याने पेतँकडून व्हर्दून येथील दुसऱ्या सैन्याची सूत्रे घेतली, आणि त्या वर्षाच्या अखेरीस दोन लखलखीत यश मिळविले. जर्मनांनी फेब्रुवारीत जिंकलेला दुओमाँचा किल्ला २४ ऑक्टोबर रोजी फ्रेंचांनी काही तासांत परत घेतला. १५ डिसेंबरच्या चढाईत आघाडी आणखी पुढे गेली. त्याची पद्धत अशी : शत्रूच्या सर्व फळ्यांवर, मागच्या तोफांसह, एकाच वेळी जबरदस्त मारा करावयाचा, मग तोफगोळ्यांचा एक पडदा ठराविक वेगाने पुढे सरकवीत न्यावयाचा आणि पायदळाने त्या पडद्याच्या पाठोपाठ चालावयाचे.

पद्धत चांगली होती. परंतु दुओमाँची चढाई केवळ सात किलोमीटरांच्या पट्ट्यावर झाली होती, तिचे उद्दिष्ट मर्यादित होते, आणि तेथील जर्मनांनी आपले बहुतेक पायदळ पुढच्याच खंदकात दाटीने ठेवले होते. ह्या तीन अटी वगळून निव्हेलने निष्कर्ष तेवढा उचलला. आपणास 'सूत्र' गवसले आहे अशी त्याची धारणा होती, आणि 'फॉर्म्यूल' हा शब्द त्याच्या चाहत्यांच्या व टीकाकारांच्याही तोंडी बसला. शब्द गणिताचा आहे. गणितातील सूत्राला स्थळकाळाची बाधा नसते. लहान संख्येला ते लागू पडते तसेच मोठ्या संख्येलाही. सात किलोमीटरांवर खरे ठरलेले सूत्र चाळीस किलोमीटरांवरही खरे ठरेल, हा तर्क त्या एका शब्दात न बोलता सामावला होता.

ऐकणारेही ऐकावयास उत्सुक होते. सोमच्या भयंकर हानीनंतर सत्तेवर आलेल्या लॉइड जॉर्जला आपल्या सेनापतींवर विश्वास उरला नव्हता. निव्हेलची आई इंग्रज होती. तो अस्खलित इंग्रजी बोलत असे. जानेवारी १९१७ मध्ये लंडनला जाऊन त्याने ब्रिटिश मंत्र्यांपुढे आपली योजना दुभाष्यावाचून मांडली आणि त्यांना जिंकले. फेब्रुवारीच्या अखेरीस कॅले येथील परिषदेत ह्या चढाईपुरते ब्रिटिश सरसेनापती हेगला निव्हेलच्या अधिकाराखाली आणण्यात आले. ब्रिटिशांनी आरास येथे शत्रूला गुंतवून ठेवावयाचे आणि फ्रेंचांनी एन नदीवर निर्णायक घाव घालावयाचा, असे ठरले.

त्याच्या प्रतिपादनाचा गाभा तीन विधानांत सांगता येतो. शत्रूची आघाडी तुटेल. ती चोवीस, फार तर अठ्ठेचाळीस तासांत तुटेल. न तुटल्यास चढाई थांबविली जाईल. तिसरे विधान मंत्र्यांना धीर देण्यासाठी होते. दुसरी सोम होऊ देणार नाही, असा त्याचा अर्थ. परंतु भाषेच्या दृष्टीने सर्वांत धोक्याचे विधान तेच होते, कारण अपयशाची व्याख्या निव्हेलने त्यात आधीच करून ठेवली होती.

दरम्यान परिस्थिती पालटत गेली. मार्चच्या मध्यास जर्मनांनी आरास व सोआसाँ ह्यांच्यामधील फुगवटा आपण होऊन सोडला व ते मागे बांधलेल्या मजबूत रेषेवर गेले. जाताना त्यांनी गावे, विहिरी, फळबागा, रस्ते ह्यांचा विध्वंस केला. आघाडी आखूड झाल्याने त्यांची सुमारे तेरा डिव्हिजने मोकळी झाली. जो फुगवटा दोन्ही बाजूंनी दाबावयाचा होता तोच उरला नाही. रशियात क्रांती झाली. फ्रान्समध्ये ब्रियाँचे मंत्रिमंडळ पडले आणि नवा युद्धमंत्री पँलव्हे ह्याला योजनेविषयी उघड शंका होती. एप्रिलच्या आरंभी एका चकमकीत चढाईचा लेखी आदेशच जर्मनांच्या हाती पडला; निव्हेलला हे कळल्यावरही त्याने योजना बदलली नाही.

६ एप्रिल रोजी, ज्या दिवशी अमेरिका युद्धात उतरली त्याच दिवशी, कोंपिएन येथे राष्ट्राध्यक्ष प्वांकारे ह्याच्या आगगाडीत बैठक भरली. पेतँने व मिशलेने शंका बोलून दाखविल्या. हा मिशले सेनांच्या ज्या गटाचा प्रमुख होता, त्याच गटाने चढाई करावयाची होती. निव्हेलने राजीनामा देऊ केला. तो कोणी स्वीकारला नाही. चढाई होऊ द्यावी असा खणखणीत निर्णय झाला नाही, आणि होऊ नये असाही झाला नाही. बोललेला शब्द मागे घेण्याची शेवटची संधी त्या डब्यात आली आणि गेली.

येथे एक गोष्ट मुद्दाम नोंदवावीशी वाटते. हे वचन मंत्र्यांपुरते राहिले नव्हते. ही शेवटची चढाई, ही निर्णायक चढाई, अशी भाषा सेनापतीच्या कचेरीतून खाली झिरपत रेजिमेंटांपर्यंत गेली होती. फ्रेंच सैन्यात टपाल-तपासणी खाते सैनिकांची निवडक पत्रे नियमाने उघडून मनःस्थितीचे अहवाल तयार करीत असे. ह्या अहवालांवरून एप्रिलच्या आरंभी सैनिकांच्या मनात उमेद वाढल्याचे दिसते. ज्यांनी १९१५ व १९१६ पाहिले होते तेही, एवढे करून घरी जाऊ, ह्या आशेवर आले होते.

४

चढाईसाठी निवडलेली जागा शमँ दे दाम ह्या नावाने प्रसिद्ध आहे. एन व एलेत ह्या नद्यांच्या मधून पूर्वपश्चिम धावणारी ही सुमारे तीस किलोमीटर लांबीची टेकड्यांची रांग. माथ्यावरील रस्त्याने पंधराव्या लुईच्या कन्या प्रवास करीत, म्हणून 'स्त्रियांचा मार्ग' हे नाव. जर्मनांनी ही रांग सप्टेंबर १९१४ पासून धरली होती. तिच्या पोटात चुनखडीच्या जुन्या खाणींच्या गुहा आहेत. जर्मनांनी त्यांत दिवे, झोपण्याच्या जागा व दारूगोळ्याची कोठारे केली होती. तोफमारा चालू असता शेकडो माणसे तेथे सुरक्षित राहत. फ्रेंच सैन्य खाली नदीच्या बाजूस होते, आणि त्याला चिखलाच्या उतारावरून वर चढावयाचे होते.

शिवाय जर्मनांची बचावाची रीत आता व्हर्दूनची राहिली नव्हती. लूडेनडोर्फच्या नव्या सूचनांप्रमाणे पुढच्या खंदकात थोडकी माणसे ठेवावयाची, मागे खोलवर विखुरलेल्या मशीनगनांनी हल्ल्याची धार बोथट करावयाची, आणि शत्रू थकला म्हणजे मागच्या ताज्या डिव्हिजनांनी उलट हल्ला करावयाचा, अशी व्यवस्था झाली होती. निव्हेलच्या पद्धतीचा घाव पुढच्या फळीवर सर्वांत जोराचा बसे. शत्रूने तेथून आपले बळच काढून घेतले होते. फ्रेंचांच्या पाच हजारांहून अधिक तोफा अनेक दिवस गर्जत राहिल्या, पण हवा खराब होती, आकाशात जर्मन विमानांचे वर्चस्व होते, आणि माथ्यापलीकडील उतार फ्रेंच निरीक्षकांना दिसतच नव्हता.

१६ एप्रिल रोजी सकाळी सहा वाजता चढाई सुरू झाली. त्या दिवशी पाऊस व हिम ह्यांचा मारा चालू होता. पश्चिमेस मांझँचे सहावे सैन्य व पूर्वेस माझेलचे पाचवे सैन्य पुढे निघाले. भगदाड पडताच आत घुसण्यासाठी दुशेनचे दहावे सैन्य मागे सज्ज होते. तोफगोळ्यांचा पडदा दर तीन मिनिटांस शंभर मीटर ह्या वेगाने पुढे सरकत होता. चिखलातून, तुटक्या तारांतून, उतार चढणाऱ्या पायदळाला तो वेग झेपेना. पडदा पुढे निघून गेला, माणसे मागे उघडी राहिली, आणि गुहांतून वर आलेल्या जर्मनांच्या मशीनगना सुरू झाल्या. पहिल्या दिवशी माथा ओलांडून लाँ शहराच्या दिशेने सुमारे दहा किलोमीटर जावयाचे होते. पुष्कळ ठिकाणी सैन्य काही शेकडा मीटरांच्या पलीकडे गेले नाही. मागचे सैन्य मात्र वेळापत्रकाप्रमाणे पुढे येत राहिले, आणि खंदकांत दाटी होऊन जखमींना मागे नेण्यासही वाट उरली नाही.

मांझँच्या सैन्यात पश्चिम आफ्रिकेतून आणलेल्या 'सेनेगाली' पलटणी होत्या. थंडीने बोटे गोठल्यामुळे त्यांपैकी अनेकांना बंदूक नीट धरता येत नव्हती. त्यांची हानी भयंकर झाली. पुढे जूनमध्ये सेनेगालचा प्रतिनिधी ब्लेझ दियान्य ह्याने फ्रेंच लोकसभेच्या गुप्त बैठकीत ह्या संहाराचा जाब विचारला. पूर्वेस बेरी-ओ-बाक येथे फ्रेंचांनी रणगाडे प्रथमच रणांगणावर आणले. सव्वाशेहून अधिक रणगाड्यांपैकी निम्म्याहून जास्त निकामी झाले; त्यांच्या एका प्रमुख तुकडीचा सेनानी बॉस्यू आपल्याच रणगाड्यात मारला गेला.

अठ्ठेचाळीस तास १८ एप्रिलच्या सकाळी संपले. आघाडी तुटलेली नव्हती. आणि चढाई थांबविली गेली नाही.

५

ह्या शेवटच्या वाक्यात आपल्या कोड्याची उकल बव्हंशी आहे, असे मला वाटते. १८ एप्रिलनंतर निव्हेलने उद्दिष्टे आखूड केली, वर्तमानपत्रांस कैद्यांचे व तोफांचे आकडे पुरविले, आणि मेच्या पूर्वार्धापर्यंत ठिकठिकाणी हल्ले चालू ठेवले. म्हणजे 'तुटेल' ह्या भाषेतून तो 'झिजतो आहे' ह्या जुन्या भाषेत उतरला. झॉफ्रला ही उतरंड साधली होती. निव्हेलला ती साधणे शक्य नव्हते, कारण ज्या भाषेला नाकारून तो सरसेनापती झाला, तिचाच आश्रय त्याला आता घ्यावा लागत होता. एप्रिलअखेरीस पेतँला सेनादलाच्या मध्यवर्ती कार्यालयाचा प्रमुख नेमण्यात आले, आणि १५ मे रोजी निव्हेलच्या जागी तो सरसेनापती झाला.

आज्ञाभंगाच्या घटना एप्रिलच्या उत्तरार्धात तुरळक सुरू झाल्या आणि २० मे ते १० जून ह्या काळात कळसास पोहोचल्या. बहुतेकांचे रूप एकसारखे आहे. आघाडीमागे विश्रांतीसाठी आलेल्या रेजिमेंटला पुन्हा पुढे जाण्याचा हुकूम येतो. संध्याकाळी शे-दोनशे माणसे एकत्र जमतात. गाणी, घोषणा, क्वचित लाल निशाण. आणि सांगितले जाते की आम्ही जाणार नाही. अधिकाऱ्यांना सहसा इजा होत नाही. पुढच्या खंदकात असलेल्या तुकड्या जागा सोडीत नाहीत. जर्मनांना ह्या सर्व प्रकाराचा फायदा घेण्याइतका सुगावाच लागला नाही. मागण्या पाहाव्या तर रजा, अन्न, घरच्या मंडळींचे हाल, युद्ध संपविण्याची इच्छा आणि व्यर्थ चढाया थांबविणे ह्या होत. ह्या सर्वांत वारंवार येणारी भूमिका थोडक्यात अशी : शत्रू आला तर त्याला अडवू, परंतु ह्या रीतीने पुढे जाणार नाही.

सैन्याची शिस्त नुसती ढासळली असती तर अशी काटेकोर सीमारेषा आखली गेली नसती. धरून राहण्याची आज्ञा व पुढे जाण्याची आज्ञा ह्यांत ह्या माणसांनी भेद केला. पहिल्या आज्ञेमागचे कारण त्यांना दिसत होते. दुसऱ्या आज्ञेमागे केवळ एका माणसाचा शब्द होता, आणि त्या शब्दाचे काय झाले हे त्यांनी पाहिले होते.

६

ह्या घटनांना काय म्हणावे हा प्रश्न त्या काळीही नाजूक होता. फ्रेंच सेनाधिकाऱ्यांच्या कागदपत्रांत 'सामुदायिक बेशिस्तीची कृत्ये' अशा अर्थाचा सौम्य प्रयोग आढळतो. इतिहासात रूढ झालेला शब्द 'म्यूतिनरी' हा आहे. इंग्रजीतील तत्सम शब्दाप्रमाणेच त्याचे मूळ लॅटिनमधील 'हलणे, हलविणे' ह्या अर्थाच्या धातूपर्यंत जाते. ज्यांचा सारा अपराध पुढे न हलण्याचा होता त्यांना हे नाव मिळावे, हा शब्दांच्या इतिहासातील एक योगायोग होय. मराठीत आपण सवयीने 'बंड' म्हणतो. पण बंडात प्रस्थापित सत्ता उलथण्याचा हेतू गृहीत असतो. १८५७ च्या घटनांना बंड म्हणावे, उठाव म्हणावे की स्वातंत्र्यसमर, हा वाद ज्यांना परिचित आहे त्यांना नावाबरोबर निकालही कसा आत येतो हे निराळे सांगावयास नको. प्रस्तुत लेखात म्हणूनच 'नकार' हा शब्द पत्करला आहे.

नावाचा हा वाद कारणमीमांसेच्या वादाशी जोडलेला आहे. सेनाधिकाऱ्यांनी दोष आघाडीमागच्या प्रचारावर टाकला. निव्हेलने तर चढाईपूर्वीच, २८ फेब्रुवारी रोजी, गृहमंत्री माल्व्ही ह्याला पत्र लिहून शांततावादी प्रचाराविरुद्ध तक्रार केली होती. ही उपपत्ती कागदपत्रे बंद असेपर्यंत टिकली. १९६७ मध्ये गी पेद्रोंसिनी ह्याने लष्करी न्यायालयांच्या कागदपत्रांच्या आधारे दाखवून दिले की हा नकार मुख्यतः लढण्याच्या एका विशिष्ट रीतीविरुद्ध होता. त्याच्या मोजणीप्रमाणे अशा सुमारे अडीचशे घटना ६८ डिव्हिजनांत घडल्या. १९९४ मध्ये लेनर्ड स्मिथ ह्या अमेरिकन अभ्यासकाने फ्रेंच सैन्याच्या पाचव्या पायदळ डिव्हिजनचा सबंध युद्धकाळ तपासून असे मांडले की सैनिक आज्ञेची मर्यादा आरंभापासूनच आपल्या कृतीने ठरवीत आले होते. १९१७ मध्ये ते उघड झाले इतकेच. २०१० मध्ये आंद्रे लोएझ ह्याने ह्याच्याही पुढे जाऊन, सैनिकांना युद्धच नको होते, शांतता हवी होती, आणि रशियातील क्रांती, पॅरिसमधील संप, सेनापतींची उचलबांगडी ह्यांनी भरलेल्या त्या मे महिन्यात ती इच्छा बोलून दाखविणे प्रथमच शक्य वाटले, असे प्रतिपादन केले.

लोएझच्या मांडणीतून माझ्या मतावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की नकार देणाऱ्या सर्वच रेजिमेंटांनी १६ एप्रिलची चढाई केली नव्हती. हे खरे आहे. परंतु वचन ऐकण्यासाठी चढाईत असणे आवश्यक नव्हते; ते साऱ्या सैन्याला दिलेले होते, आणि ते मोडल्याची वार्ता जखमींच्या गाड्यांबरोबर साऱ्या सैन्यात पोहोचली. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. निव्हेल गेल्यावर, पेतँ आल्यावर नकाराची लाट सर्वांत उंच गेली. मग रोष निव्हेलच्या वचनावर होता असे कसे म्हणावे? ह्याचे उत्तर असे की विश्वास व्यक्तीवरून उडाला तर व्यक्ती बदलून तो परत येतो. येथे तो आज्ञेच्या भाषेवरूनच उडाला होता. सेनापती बदलला ही वरच्यांनीच दिलेली अपयशाची कबुली होती, आणि तरीही पुढे जाण्याचे हुकूम त्याच शब्दांत येत होते. शांततेची इच्छा पूर्वीही होतीच. तिला तोंड फोडण्याचा अधिकार सैनिकांना मोडलेल्या वचनाने दिला.

७

पेतँने जे केले त्यावरूनही हीच गोष्ट पडताळता येते. त्याने कठोरपणा सोडला नाही. पेद्रोंसिनीच्या आकडेवारीनुसार ५५४ जणांना देहान्ताची शिक्षा सुनावण्यात आली. त्यांपैकी फार थोड्यांची, त्याच्या मते ४९ जणांची, अंमलात आली. नंतरच्या संशोधकांनी हा आकडा आणखी खाली आणला आहे. गोळ्या घातलेल्यांपैकी कित्येकांचा अपराध शेजाऱ्याहून अधिक नव्हता, हे विसरून चालणार नाही. दुसऱ्या बाजूने त्याने दर चार महिन्यांस सात दिवसांची रजा हक्काची केली, विश्रांतिस्थळे व अन्न सुधारले, आणि स्वतः डिव्हिजनांमागून डिव्हिजनांस भेटी दिल्या.

तथापि सर्वांत महत्त्वाचा बदल १९ मेच्या त्याच्या पहिल्या आदेशपत्रात आहे. आघाडी तोडण्याची भाषा त्यात नाही. चढाया थोड्या, मर्यादित उद्दिष्टांच्या आणि तोफखान्याच्या पल्ल्यातच राहणाऱ्या असाव्यात, असे त्याचे धोरण होते. ऑगस्टमध्ये व्हर्दून येथे आणि २३ ऑक्टोबरला शमँ दे दामच्या पश्चिम टोकास माल्मेझाँ येथे ह्या धोरणाने चढाया झाल्या. माल्मेझाँची चढाई सुमारे बारा किलोमीटरांच्या पट्ट्यावर, सहा दिवसांच्या तोफमाऱ्यानंतर झाली. जेवढे घेऊ म्हटले होते तेवढे घेतले, आणि मग सैन्य थांबले. नोव्हेंबरच्या आरंभी जर्मन ती टेकड्यांची रांग आपण होऊन सोडून एलेतपलीकडे गेले. एप्रिलमध्ये न मिळालेला माथा मिळाला. परंतु माझ्या मते त्याहून मोठी प्राप्ती ही की सांगितलेले व घडलेले ह्यांत मेळ बसला. ज्या सैन्याने जूनमध्ये पुढे जाण्यास नकार दिला तेच ऑक्टोबरमध्ये पुढे गेले. सैन्य तेच होते, शत्रू तोच होता, भूमीही तीच होती. बदलली होती ती वचनाची मर्यादा.

ह्या युद्धभूमीची आठवण फ्रान्समध्ये दीर्घकाळ अडचणीची राहिली. 'क्रानचे गाणे' म्हणून ओळखले जाणारे सैनिकांचे निषेधगीत टेकडीच्या पूर्व टोकावरील क्रान ह्या उद्ध्वस्त गावाच्या नावाने प्रसिद्ध आहे. मुळात हे गीत १९१७ चे नाही. १९१५ पासून ते फिरत होते, आणि लॉरेत, शांपान्य, व्हर्दून अशी जागांची नावे त्यात युद्धाबरोबर बदलत गेली. एप्रिलनंतर मात्र क्रान हे नाव त्यात आले आणि स्थिर झाले. लोकगीताच्या अभ्यासकास हे पाठभेद बोलके वाटतील : इतक्या रणभूमींपैकी सैनिकांच्या स्मृतीने आपला मुक्काम येथे केला. ५ नोव्हेंबर १९९८ रोजी पंतप्रधान लिओनेल जोस्पँ ह्याने ह्याच क्रान गावी, जरब बसविण्यासाठी गोळ्या घातलेल्या सैनिकांना राष्ट्राच्या स्मृतीत पुन्हा स्थान मिळावे, असे आवाहन केले; राष्ट्राध्यक्ष शिराकच्या कार्यालयाने त्यावर तत्काळ नापसंती दर्शविली. ऐंशी वर्षांनंतरही त्या माणसांना काय म्हणावे ह्याविषयी एकमत नव्हते.

युद्धेतिहासात आपण तोफा, डिव्हिजने व किलोमीटर मोजतो, आणि ते मोजलेच पाहिजेत. परंतु केवळ तेवढ्याने १९१५ ची आज्ञाधारकता व १९१७ चा नकार ह्यांतील अंतर मोजले जात नाही. त्यासाठी सैनिकांना काय सांगितले गेले होते आणि त्यांनी ते किती गंभीरपणे ऐकले होते, हे विचारावे लागते. प्रचाराने फितलेला जमाव किंवा थकव्याने बधिर झालेली मेंढरे, ह्या दोन्ही वर्णनांत त्या माणसांच्या विवेकाला स्थान नाही. उपलब्ध पुरावा निराळे सांगतो. त्यांनी एक वचन ऐकले, त्यावर प्राण लावले, ठरलेल्या मुदतीपर्यंत आणि त्यानंतरही कित्येक दिवस वाट पाहिली, आणि मग ते मोडले आहे असे सांगितले. सांगणे त्यांचे होते, मोडणे दुसऱ्याचे.